बाटलीची पत

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर दवाखान्याची पत एका प्रश्नावर ठरते: तिथे बाटली लावतात का? डॉक्टर किती शिकलेला, औषध कुठलं, ही चौकशी नंतर. तपासून, चार गोळ्या देऊन घरी पाठवणारा डॉक्टर कितीही हुशार असो, ‘त्याने काही केलंच नाही’ एवढाच शेरा त्याच्या वाट्याला येतो. उलट हाताला चिकटपट्टी लावून, उशाशी सलाईन टांगून दोन तास खाटेवर झोपवणारा माणूस, मग तो डॉक्टर असो वा नसो, ‘त्याच्या हाताला गुण आहे’ म्हणून नावाजला जातो.

मी मूळची चिंचणीची. सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून माझी जवळजवळ सगळी नोकरी याच पट्ट्यात गेली. रात्रपाळीत मान वर करून थेंब मोजण्यात जेवढा वेळ गेला तेवढा दुसऱ्या कशात गेला नसेल. त्यामुळे लोकांच्या या विश्वासाचं मला कौतुकही वाटतं आणि रागही येतो. हा विश्वास आभाळातून पडलेला नाही. कोणीतरी तो रात्री जागून कमावला आणि पुढे दुसऱ्याच कोणीतरी तो बाजारात नेऊन विकला. त्या कमाईचा आणि त्या विक्रीचा हा हिशेब आहे.

सुरुवात कॉलऱ्यापासून करावी लागते. आपल्याकडून निघालेली पटकीची साथ १८३१ मध्ये इंग्लंडला पोचली. विल्यम ओ’शॉनेसी नावाचा जेमतेम बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर संडरलंडला गेला, रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्याने निदान केलं की या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत भरायला हवेत. त्याने हे लिहून ठेवलं. करून दाखवलं ते एडिंबरोजवळच्या लीथ गावच्या थॉमस लॅटाने, मे १८३२ मध्ये. त्याची पहिली रोगी एक म्हातारी होती, शेवटच्या घटका मोजत असलेली. लॅटाने तिच्या शिरेत नळी घातली आणि पिचकारीने मिठाचं पाणी सोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी गेलं. खोल गेलेले डोळे वर आले, आवाज फुटला, हातपायांना ऊब आली. आता धोका टळला असं समजून थकलेला लॅटा तिला तिथल्या निवासी डॉक्टरच्या हवाली करून निघून गेला. थोड्या वेळात उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले. पाणी पुन्हा कोणी सोडलं नाही. साडेपाच तासांत म्हातारी गेली.

आम्हाला शिकताना ही हकिकत कोणी सांगितली नव्हती. मी ती खूप नंतर वाचली आणि वाचल्यावर वाटलं, ही तर पहिल्याच दिवशी सांगायला हवी. लॅटाची शीर बरोबर होती, पाणीही बहुतांशी बरोबर होतं. घात झाला तो पुढे, रोग्यापाशी बसणारं कोणी नव्हतं म्हणून. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेव्हा बारा वर्षांची होती. शिकलेली परिचारिका हा प्रकारच जगात यायचा होता.

ओ’शॉनेसी पुढे १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं विणणारा म्हणून गाजला. शिरेतून पाणी देण्याची गोष्ट मागे पडली. जंतूंचं ज्ञान नव्हतं, पाणी निर्जंतुक नव्हतं, पुष्कळ रोगी उपचारानेच दगावत. १८८० च्या दशकात सिडनी रिंगरने क्षारांचं प्रमाण बसवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यात कॉलऱ्याच्या रोग्यांना तीव्र सलाईन देऊन मृत्यू पुष्कळ कमी करून दाखवले. १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सायबर्टने शोधून काढलं की उकळून घेतलेल्या पाण्यातही मेलेल्या जंतूंचा अंश उरतो आणि सलाईननंतर हुडहुडी भरून येणारा ताप त्याचा असतो. १९३० च्या दशकात कारखान्यात भरलेल्या बाटल्या बाजारात आल्या. त्याच सुमारास अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने रिंगरच्या पाण्यात लॅक्टेट घातलं. आजही वॉर्डात आम्ही ज्याला नुसतं ‘आरएल’ म्हणतो ते या दोघांचं.

तेव्हा तलासरीत काय चाललं होतं? २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची मोठी सभा भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने, आणि जमीनदाराची वेठ करायची नाही असं तिथे ठरलं. त्याआधीचं जिणं असं की दुखणं आलं तरी मालकाच्या शेतावरून सुटका नाही. दवाखाना ही शहरातल्या माणसांची गोष्ट. माझ्या वॉर्डात येणाऱ्या म्हाताऱ्या बाया सांगत, पोट चालू झालं की आधी भगत, मग झाडपाला आणि सोबत पेज. तांदळाची किंवा नागलीची पातळ पेज, मीठ टाकून. या पेजेचं शास्त्र पुढे प्रयोगशाळेत सिद्ध झालं: पिठूळ पदार्थ आणि मीठ एकत्र पोटात गेलं की आतडं पाणी शोषून घेतं. जी बाई आजारी पोराला दर थोड्या वेळाने पेजेचा घोट पाजत बसली तिचं पोर पुष्कळदा वाचलं. जिला सवडच नव्हती, किंवा घरात तांदूळ नव्हता, तिचं गेलं.

डहाणूच्या सरकारी रुग्णालयाला जुनी माणसं अजून ‘कॉटेज’च म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या बाटल्यांचा काळ संपत आला होता, पण संपला नव्हता. आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या, शिस्तीला कडक, मराठी त्यांची त्यांनी बनवलेली. त्यांच्याकडून मी जे शिकले ते पुस्तकात होतं, पण त्या क्रमाने नव्हतं. बाटली हातात आली की आधी उजेडाकडे धरायची. तळाशी कापसासारखं काही तरंगतंय का, काचेला केसाएवढी चीर आहे का, बुचाभोवतीचं पत्र्याचं कडं सैल आहे का, तारीख काय. मग रबरी बूच स्पिरिटने पुसून त्यात दोन सुया: एक नळीची, एक हवेची. हवेची सुई राहिली की पाणी उतरत नाही, आणि नवी मुलगी घाबरून रोग्याची शीर चाचपत बसते. नळीतली हवा पूर्ण काढायची. बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर लावल्याची वेळ, मिनिटाचे थेंब आणि आपली सही. त्या म्हणत, सही केली म्हणजे बाटली तुझी झाली, संपेपर्यंत.

त्यांच्या तरुणपणी मोठ्या रुग्णालयांत सलाईन औषध विभागातच बनत असे. लाल रबरी नळ्या उकळून पुन्हा वापरायच्या, बोथट झालेल्या पोलादी सुयांना दगडावर धार लावायची, सुईचं टोक कापसावरून ओढून बघायचं, तंतू अडकला तर पुन्हा धार. एवढं करूनही एखादी बाटली दगा द्यायची. अर्ध्या तासात रोगी कापायला लागे, दात वाजत, खाट हले, अंगावर चार घोंगड्या घातल्या तरी थंडी जात नसे. आम्ही त्याला ‘रिगर आला’ म्हणतो. बाटली तत्काळ बंद, नळी बदल, एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन तयार, डॉक्टरांना हाक. दगा देणारी बाटली फेकायची नाही, बाजूला ठेवायची आणि तिचा बॅच नंबर लिहून घ्यायचा, म्हणजे त्याच खोक्यातली दुसरी कोणाला लागणार नाही.

आता कमाईबद्दल. ती पावसाळ्यात झाली.

पहिला पाऊस पडला की डोंगरावरचं सगळं ओढ्याला येतं. विहीर लांब असते म्हणून ओढ्याकाठी खणलेल्या डवऱ्यातलं पाणी लोक भरतात. जुलै लागला की गॅस्ट्रोचे रोगी सुरू होत. सायवनकडून, गंजाडकडून, तिकडे तलासरीत उधव्याच्या बाजूने. १०८ ची गाडी आपल्याकडे २०१४ मध्ये आली. त्याआधी बांबूला घोंगडी बांधून केलेल्या झोळीतून रोगी डांबरी रस्त्यापर्यंत यायचा आणि तिथून मिळेल त्या जीपने. वॉर्डात खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या, गाद्या संपल्या की घरून आणलेली गोधडी. स्टँड संपले की खिडकीच्या गजाला पट्टी बांधून बाटली. रात्री एवढ्या सगळ्यांत एक सिस्टर, एक मावशी आणि दाराशी एक मामा.

एक रात्र सांगते. आठ महिन्यांचं पोर, वजन सहा किलो. टाळू खोल, डोळे खोल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं आणि आवाजही नव्हता. अशा पोराची हाताची शीर उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी असते: पात्र दिसतं, पाणी नसतं. मग डोकं. कानाच्या वरचे केस ब्लेडने काढायचे, कपाळाभोवती रबरबँड बांधायचा, त्याखाली कापसाचा बोळा ठेवायचा म्हणजे नंतर कापता येतो. बोटाने हलकेच दाबून बघायचं. धडधडली तर ती रोहिणी, तिला हात लावायचा नाही. फुलपाखरासारखे पंख असलेली बारीक सुई, तिची नळी सलाईनने भरून घेतलेली. मावशीने डोकं दोन्ही तळहातांत धरलं. सुई कातडीखाली गेली, थोडी पुढे सरकली आणि नळीत रक्ताचा लाल दोरा उलटा आला. रबरबँड कापला, चिकटपट्टी लावली, वर कागदी कपाचा अर्धा भाग उपडा बसवला, पोराने हात मारला तरी सुई निघू नये म्हणून.

इथे डॉक्टर पुढच्या रोग्याकडे जातात आणि आमचं काम सुरू होतं. तीव्र निर्जलीकरण झालेल्या तान्ह्या पोराला पहिल्या तासात किलोमागे ३० मिलिलिटर, पुढच्या पाच तासांत किलोमागे ७०. सहा किलोला पहिल्या तासात १८० मिलिलिटर. साध्या सेटच्या २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे मिनिटाला ६० थेंब, सेकंदाला एक. पुढच्या पाच तासांत ४२०, तासाला ८४. बारीक थेंबांच्या सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे तासाचा आकडा तोच मिनिटाच्या थेंबांचा. हे गणित आम्हाला झोपेतही येतं. पण थेंब एकदा लावले म्हणजे तसेच राहतील असं नाही. पोर हात हलवतं, आई कूस बदलते, कुणाचा तरी धक्का लागतो. चाक सरकतं आणि तासाचं पाणी दहा मिनिटांत आत जातं. सुई शिरेबाहेर गेली, आमच्या भाषेत ‘आउट झाली’, तर पाणी कातडीखाली साठतं. म्हणून दर थोड्या वेळाने घड्याळ, थेंब, सुईची जागा, श्वास, नाडी. आणि जुलाब किती, उलटी किती, लघवी झाली का. जमा-खर्चाचा तक्ता लिहायला वाणिज्य शाखा लागत नाही.

पहाटे चारच्या सुमारास त्या आईने पलीकडून हाक मारली, ‘बाय, मुतला!’ तिची सगळी ओटी भिजली होती आणि ती हसत होती. मूत्रपिंड चालू झालं, पोर वाचलं. आई ते घेऊन पाड्यावर गेली तेव्हा तिने काय सांगितलं असेल? पोर मेल्यात जमा होतं, बाईने डोक्याला बाटली लावली आणि उठून बसलं. तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं ते शंभर टक्के खरं होतं. थेंब मोजणं, तक्ता, गणित यातलं काही तिला दिसलं नाही; बाटली दिसली. अशा पोरांच्या आया गावोगाव होत्या. दर पावसाळ्यात त्यांची संख्या वाढत गेली. बाटलीची पत इथे जमली.

खरं तर तेव्हाच बाटलीला पर्याय सापडून चुकला होता. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, रोगी जमिनीवर विष्ठेत पडलेले आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटं भरली, ती पिण्याच्या पाण्यात मिसळली आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेला दिला. शेकडा ३० च्या घरातले मृत्यू चारच्या खाली आले. ‘लॅन्सेट’ने १९७८ मध्ये या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मिळालं ते त्यानंतर, २०२३ मध्ये.

आमच्याकडे ते पाकीट ‘जलसंजीवनी’ म्हणून आलं. लहान मुलांसाठी अंगणवाडी हा प्रकार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच भागात, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, घडवला. त्याच अंगणवाडीच्या ताईकडे पुढे ही पाकिटं पोचली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक पाकीट, २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. मी हे किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. समोरची बाई मान डोलवायची, पाकीट पदरात बांधायची आणि जाताना विचारायची, ‘पण बाटली नाय लावणार का?’

तिचं तरी काय चुकलं? पोराला पाणी पाजणं हे तिला घरीही करता येत होतं. त्यासाठी मजुरी बुडवून, जीपचं भाडं भरून ती आली नव्हती. आणि चमच्या-चमच्याने चार तास पाजत बसायचं तर शेतावर कोण जाणार? बाटलीचं तसं नाही. ती सिस्टर सांभाळते. जलसंजीवनीने काम रुग्णालयाकडून आईकडे सरकवलं आणि आईकडे तेवढा वेळ आहे असं गृहीत धरलं. तो नव्हता.

या फटीतून बाजार आत आला. नाक्यानाक्यावर एका खोलीचे दवाखाने निघाले. काहींत पदवीचे डॉक्टर होते, काहींत कंपाउंडर होते आणि काहींत कोण होतं ते त्यांनाच ठाऊक. सगळ्यांना एक गोष्ट कळली होती: लोक गोळीचे पैसे कुरकुरत देतात आणि बाटलीचे बिनतक्रार. लावणी सुरू व्हायच्या आधी अंगात कस यावा म्हणून बाटली. वीटभट्टीवरून परत आल्यावर बाटली. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाण्याआधी बाटली. ताडी जास्त झाली तरी बाटली. पांढऱ्या पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं एक इंजेक्शन सोडलं की बाटली पिवळी होते आणि पिवळीचा भाव जास्त.

त्या बाटलीत काय असतं ते एकदा नीट सांगायला हवं. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चमचाभरही नाही. अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजमध्ये पंचवीस ग्रॅम साखर. तिची शक्ती शंभर कॅलरीचीही भरत नाही. एका नागलीच्या भाकरीत याहून जास्त असते, शिवाय लोह आणि कॅल्शियम वेगळं. दिवसाची मजुरी देऊन माणूस भाकरीपेक्षा कमी काहीतरी शिरेतून घेतो. तरी दोन तास खाटेवर आडवं पडून, कुणीतरी आपल्याकडे बघतंय या जाणिवेने त्याला बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं नाही. फक्त ते बाटलीतलं नाही.

नुसते पैसे गेले असते तर मी एवढी चिडले नसते. आमच्याकडच्या बायांच्या अंगात रक्त कमी. गरोदरपणी हिमोग्लोबिन सहा-सात आलं तरी आम्हाला नवल वाटत नाही. त्यात सिकलसेलही या भागात आहे. अशा बाईचं हृदय आधीच जादा काम करत असतं. भरली नऊ महिन्यांची एक बाई रात्री आली ती धापा टाकत, आडवी होईना, खोकल्यातून फेस. बाहेर कुठेतरी ‘ताकदीसाठी’ घाईघाईने दोन बाटल्या चढवल्या होत्या. तिला बसतं केलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी लॅसिक्स दिलं. ती वाचली. अतिकुपोषित पोराचंही हेच: त्याला शिरेतून पाणी द्यायचं ते पोर शॉकमध्ये गेलं असेल तरच आणि तेही हात राखून, कारण त्याचं हृदय तो भार पेलू शकत नाही. कोणाला पाणी द्यायचं याच्याइतकंच कोणाला द्यायचं नाही हे आम्हाला शिकवलं जातं. बाजारात हा दुसरा धडा कोणी घेत नाही, कारण त्यात पैसे नाहीत.

दरम्यान बाटली बदलली. काच गेली, प्लास्टिक आलं; ते स्वतःच आकसतं, त्यामुळे बहुतेक वेळा हवेची सुईही गेली. नव्वदच्या दशकात एचआयव्हीच्या धास्तीने उकळलेल्या सुयांचा जमाना संपला. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. आता सेट लाल पिशवीत, सुई न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. पोलादी सुईच्या जागी मऊ नळीचा इंट्राकॅथ आला, रंगावरून ओळखायचा: बाळाला पिवळा, बारीक शिरेला निळा, नेहमीचा गुलाबी, आणि बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला की हिरवा किंवा करडा, एक नव्हे, दोन्ही हातांना दोन. रिकाम्या बाटल्या पाड्यावर पोचू नयेत असा नियम आहे. तरी पूर्वी गेलेल्या काचेच्या बाटल्यांत रॉकेल बघितलंय आणि चिकूच्या रोपाशी काठीला उलटी टांगलेली प्लास्टिकची बाटलीही, थेंबथेंब पाणी सोडणारी.

शिरेतून द्यायच्या ज्या गोष्टींना खरंच पर्याय नाही त्याही याच काळात आमच्या हाती आल्या. रक्त फारच कमी असलेल्या गरोदर बाईला सलाईनमधून आयर्न सुक्रोज. मेंदूत गेलेल्या मलेरियाला आधी ग्लुकोजमधून क्विनिन, आता आर्टेसुनेट. आणि सर्पदंश. भुईवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, सकाळी त्याच्या पापण्या उघडत नाहीत. घोड्यांच्या रक्तापासून बनणारी लस इथे कोरड्या पावडरीच्या कुपीत येते. कुपीत दहा मिलिलिटर पाणी घालून ती हलवायची नाही, फेस होतो. तळहातांत हळूहळू फिरवायची. अशा दहा कुप्या विरघळवायच्या, सलाईनमध्ये मिसळायच्या आणि तासाभरात द्यायच्या, उशाशी अॅड्रिनॅलिन भरून ठेवून, कारण काहींना लसच बाधते. दहा कुप्या फिरवताना नातेवाइकांना वाटतं सिस्टर वेळ काढतेय. डहाणूत आता आयसीएमआरचं संशोधन केंद्र आहे, सर्पदंशावर तिथे काम चालतं आणि भगतांनाही त्यात सामील करून घेतलंय. हे शहाणपणाचं झालं. रोगी आधी भगताकडे जाणारच असेल तर भगतानेच त्याला लगेच पुढे पाठवलेलं बरं.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसायला लागले. लोक थंडीत घराबाहेर झोपायचे. वॉर्डात एकदा खाटा हलल्या, बाटल्या झुलायला लागल्या आणि चालता येणारे सगळे रोगी अंगणात पळाले. एक म्हातारा मात्र आधी थांबला, स्टँडवरची बाटली स्वतः काढली, हात उंच धरला आणि मग पळाला. बाहेर येऊन मी त्याची सुई बघितली. जागची हलली नव्हती. घर पडलं तर पडो, बाटली जाता कामा नये, असा हा विश्वास. त्याला अंधश्रद्धा म्हणणं मला जमत नाही. त्यातला अर्धा भाग आमच्याच रात्रपाळीने दिलेला आहे.

म्हणून नवीन मुली भेटल्या की मी त्यांना बाटली लावायला शिकवत नाही. त्या आता बीएस्सी करून येतात, शीर माझ्यापेक्षा चांगली पकडतात, थेंब मोजायला यंत्रही असतं. त्यांना मी एवढंच सांगते, की बाटली मागणाऱ्या माणसाला झिडकारू नका आणि हसू नका. त्याला विचारा, ‘जेवलास कधी?’ उत्तर ‘काल सकाळी’ असं आलं तर त्याला सलाईन नको, आमटी-भात हवा, आणि रेशन मिळतंय का तेही विचारायला हवं. ‘खाल्लेलं टिकत नाही, पाणी टिकतं’ म्हणाला तर जलसंजीवनी, आणि ती पाजायला घरात कोण मोकळं आहे ते आधी बघा. कोणी नसेल तर चार तास वॉर्डात बसवून घ्या. ‘पाणीसुद्धा टिकत नाही, सकाळपासून लघवी नाही’ म्हणाला तर मग बोलणं बंद, हात पुढे, रबर बांधा. बाटली लावल्यावर तिच्यापाशी थांबायचं असतं हे त्यांना कॉलेजात शिकवतात. हा पहिला प्रश्न मात्र कुठल्याच तक्त्यात छापलेला नाही, आणि बाजारात तर तो कोणी विचारणार नाही, कारण त्याचं उत्तर पुष्कळदा बाटलीचं गिऱ्हाईक घालवतं.